लंगड्याची हद्द

तुम्हाला ठाऊक होतं, साहेब. एखाद्या अडाण्यानं केलं असतं तर सोडून दिलं असतं, चुकलं बिचारं म्हटलं असतं. पण तुम्ही शिकलेले. पुढं काय होणार ते तुम्ही आधी आपल्या तोंडानं सांगितलंत. सुमनबाईच्या बांधावर बसून, तिच्याच तांब्यातलं पाणी पिऊन सांगितलंत. आणि मग उठून तेच केलंत. आता टेबलामागं बसून 'निसर्गाचा नियम आहे' म्हणू नका. नियम निसर्गाचा असेल. पिंजरा तुमचा होता.

लोहा तालुक्यात, अहमदपूरच्या अंगाला, बोरमाळ म्हणून गाव आहे. गावाच्या डोक्यावर माळ, माळाच्या डोक्यावर सीताफळीचं रान, आणि त्या रानाच्या पायाशी उतारावर गायरानाचा एक तुकडा. तो सुमनबाई कसते. भूमिहीनांनी गायरानं धरली त्या काळात तिच्या सासऱ्यानं तिथं निळा झेंडा रोवला आणि दगड वेचायला सुरुवात केली. जन्मभर वेचले. त्या दगडांचे ढीग अजून बांधाला उभे आहेत, आणि ढिगांच्या मधोमध एक लिंबाचं झाड. सासरा गेला, नवरा ग्यानोबा गेला, आता ती आणि तिचा पोरगा आनंदराज.

सातबारा काही तिच्या नावाचा नाही. तहसीलात मामला कधीचा लोंबतोय. तिच्या नावावर आहे ती फक्त वहिवाट. वहिवाट म्हणजे काय, तर पेरलं, काढलं, खोपीत चूल पेटली आणि धूर गावानं बघितला. म्हणून सासू मरताना एवढंच बोलून गेली होती, "सुमन, खोपीतला धूर बंद नगं पडू देऊ."

खालच्या अंगाला शेषेरावाचा ऊस. शेषेराव गावचा मोठा शेतकरी. उसाला पाणी, गोठ्यात जनावरं, तालुक्यात ओळखी. पण त्याचा डोळा कायम वर.

"सुमनबाई, गायरान म्हंजे गायीचं रान," तो बांधावर उभा राहून म्हणायचा. "तुमचं कवा झालं?"

"गायी तुमच्या गोठ्यात सावलीला बसल्यात, पाटील," ती खुरपं न थांबवता म्हणायची. "हितं नुसती दगडं व्हती. ती चरलो आमी."

असं चाललं होतं. आणि या दोघांच्या भांडणाच्या वर, रानात, तिसराच एक मालक होता. लंगडा.

लंगडा म्हणजे बिबट्या. जुना नर. कधीतरी तारेच्या फासात अडकून पुढचा एक पंजा वाकडा झालेला, त्यामुळं मऊ मातीत त्याची एक नखी ओढत गेल्याची रेघ उमटायची. तळ्यावरून निघायचा, ओढ्यानं वर यायचा, सुमनबाईच्या बांधावरून चालत लिंबापाशी थांबायचा. खोडावर नखं ओढायचा, मागच्या पायानं माती उकरायचा, मुतायचा आणि रानात चढायचा. सकाळी त्या मुताचा उग्र वास यायचा, शिजलेल्या भातासारखा पण नाक मुरडायला लावणारा. सुमनबाई म्हणायची, "आला वाटतं तलाठी मोजणीला."

आनंदराज हसायचा. "माय, खरा तलाठी तर एकदाबी आला न्हाई."

"म्हनूनच ह्याला म्हनते. ह्यो तरी चालत येतो."

लंगड्यानं कुत्री नेली, एखादं करडू नेलं. माणसाकडं मान वळवून बघितलं नाही. वरच्या कपारीत एक मादी होती, तिची दोन पिल्लं होती. तीही त्याच्याच हद्दीतली. दुसरा कुठला नर त्या माळावर फिरकायचा नाही. लिंबावरचा वास ताजा होता तोवर गावाला वाघ असूनही वाघाची फिकीर नव्हती.

मग दिवाळीच्या पुढं शेषेरावाचं वासरू गेलं.

लंगड्यानंच नेलं की आणखी कुणी, हे कुणी विचारलं नाही. शेषेरावानं रस्ता अडवला, टायर जाळले, मोबाईलवर भाषण दिलं. भाषणात वासरू थोडं आणि गायरान जास्त. "ह्या लोकांनी वर रान माजवलं, खोप्या घातल्या, म्हनून वाघ माजला." कुठून तरी वर फोन गेला आणि वरून खाली फोन आला. आणि साहेब आले. जंगल सांभाळायचं काम ज्यांच्याकडं, ते साहेब. गाडीच्या मागं पिंजरा.

पिंजरा कुठं लावायचा? लंगडा जिथून चालतो तिथं. म्हणजे सुमनबाईच्या बांधावर.

"साहेब, वाघाला कामून नेता?" तिनं विचारलं.

"वाघ नाही बाई, बिबट्या."

"नखं तर वाघाचीच हायत ना? आन् ती त्यानं आमाला कवा लावली न्हाईत."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट. त्यांनी आनंदराजच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला, दगडाच्या ढिगावर बसले आणि वर्गात शिकवल्यासारखं बोलले.

"खरं सांगू का आनंदराज, ह्याला उचलणं म्हणजे मूर्खपणा आहे. जुना नर आहे, ह्याची हद्द बसलेली आहे. ह्याला माणसाची सवय, माणसाला ह्याची. हा गेला की जागा रिकामी. वास विरला की आजूबाजूचे तरणे नर येणार. त्यांना ना जागा माहीत, ना माणूस. आपसात फाडाफाडी करणार. आणि जो जिंकेल तो आधी पिल्लं मारणार."

"पिल्लं? ती कामून?" सुमनबाईचं खुरपं थांबलं.

"दुसऱ्याची असतात ना. पिल्लं मेली की मादी पुन्हा माजावर येते. मग ह्याची होतात. जनावरांत असं असतं, बाई."

"जनावरांतच व्हय," ती म्हणाली.

आनंदराजनं सरळ विचारलं, "मंग नेता कामून, साहेब?"

साहेबांनी तांब्या खाली ठेवला. "वरून फोन आहे."

झालं. एवढंच. ज्याला सगळं कळतं त्याचं उत्तर एवढंच. पिंजऱ्यात बांधायला शेषेरावानं कुत्रं दिलं. बोकड मागितला तर म्हणाला, बोकड सणाला लागतो.

लंगडा अडकला. सकाळी गाव लोटलं. शेषेरावानं पिंजऱ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, लोकांनी त्याच्यावर गुलाल टाकला, थोडा उडून जाळीतून आत गेला. लंगडा सगळ्यांकडं पाठ करून बसला होता. तोंड लिंबाकडं. सुमनबाई एकटीच मागच्या बाजूनं गेली आणि त्याला तोंडाकडून बघून आली. घरी येऊन पोराला म्हणाली, "नाक घासघासून फोडून घेतलं बाबा त्यानं."

गाडी गेली. पैनगंगेच्या अंगाला लांब कुठल्या जंगलात सोडला म्हणाले. तिथंही कुणाची तरी हद्द असणारच. पण ती फोटोत दिसत नाही.

पुढं साहेब म्हणाले तसंच झालं, शब्दाला शब्द.

लिंबाचा वास गेला. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, रानातून करवतीनं लाकूड कापल्यासारखा आवाज आला. पलीकडच्या ओढ्यातून दुसऱ्या करवतीनं त्याला उत्तर दिलं. गावातली म्हातारी माणसं ओट्यावरून उठून आत गेली. त्यानंतर रोज तेच. लिंबावर नव्या नखांचे ओरखडे उठले, त्यांच्यावर आणखी कुणाचे. खोडाची साल लोंबायला लागली. बांधावर रक्त, केस. भुजंग म्हणून गावातलाच एक जण खात्यात रोजंदारीवर होता, तो बघून म्हणाला, "काकू, दोन हायत. तरणे. एकाचा कान फाटलाय."

"तुज्या साहेबाला सांग."

"साहेबाला ठाव हाय."

तूर तेव्हा कमरेच्या वर गेली होती, शेंगा धरायला लागली होती. एका सकाळी सुमनबाईला मादी दिसली. कपारीतून उतरून, पिल्लू तोंडात धरून, तुरीत शिरताना. दोघींची नजरानजर झाली. मादीनं पिल्लू खाली ठेवलं नाही आणि सुमनबाईनं ओरडा केला नाही. माणसाच्या चुलीच्या धुरात तरी नर येणार नाहीत, असा मादीनं हिशेब केला असेल. आईचा हिशेब. सुमनबाईनं त्या कोपऱ्यातली खुरपणी सोडून दिली. पोराला म्हणाली, "तिकडं नगं जाऊस. बाळंतीण हाय."

तो हिशेब चुकला. सुमनबाईला पिल्लं तुरीच्या दोन ओळींत पडलेली सापडली. एकाची मान मोडलेली, दुसऱ्याचं डोकं दातानं फोडलेलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि भुजंगला हाक मारली. लपवलं नाही, पुरलं नाही. आता वाटतं, पुरलं असतं तर बरं झालं असतं. पण खऱ्या माणसाला हे सुचत नाही.

भुजंग यायच्या आधी शेषेराव आला.

"घ्या! मारली! ह्यांनीच मारली. शेतात घुसली म्हनून काठीनं मारली."

"काठीला दात असतात व्हय, पाटील?" आनंदराज पुढं झाला.

"तू गप. कायदा कळतो का तुला? जेलात सडशील."

साहेब आले. उकिडवे बसले, पिल्लाची कवटी उलटी करून बघितली, सुळ्यांची भोकं बोटानं मोजली. आनंदराज शेजारीच बसला होता. त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "नराचं काम आहे. मी म्हणालो होतो ना."

"मंग हे मोठ्यानं म्हना, साहेब."

साहेब उठले, गुडघे झटकले. समोर गाव उभं होतं, शेषेराव उभा होता, मोबाईल उभे होते. मोठ्यानं म्हणाले, "तपास चालू आहे."

तीन शब्द. ह्या तीन शब्दांनी सुमनबाईचं रान खाल्लं. साहेबांनी सांगितलं, दोन नर भांडतायत, जखमी जनावर कुणावरही जाईल. तपास होईपर्यंत आणि धोका टळेपर्यंत वरच्या अंगाला कुणी जायचं नाही. वरच्या अंगाला म्हणजे कुठं? उसाच्या वर. म्हणजे ऊस मोकळा आणि तूर बंद. खोपी रिकामी करायची. तुमच्याच जिवासाठी, म्हणाले.

भुजंग खाली मान घालून हुकूम सांगायला आला. "काकू, साहेब म्हनले, खायच्या वासाचं काहीबी ठिवू नका. पीठ, खरकटं, चुलीतली राखसुद्धा. वासाला जनावर येतं."

"तूर काढायला आलीय रे भुजंगा."

"थोडे दिस, काकू. मंग या की परत."

सुमनबाई ऐकणारी बाई. सरकारी माणूस जिवासाठी सांगतोय म्हटल्यावर तिनं नीट ऐकलं. सामान उचललं, पीठ उचललं. राख भरून ओढ्यात टाकली. चुलीचे तीन दगड तेला-तुपानं, उतू गेलेल्या डाळीनं काळे झालेले. त्यांना तर वास येणारच. तिनं ते खणून काढले, गोणत्यात घातले आणि डोक्यावर घेऊन भर गावातून, चावडीपुढून घरी नेले. लोकांनी बघितलं. शेषेरावानं ओट्यावरून बघितलं आणि तो पहिल्यांदा तिला काही बोलला नाही. नुसता हसला.

तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही. जीव वाचवायच्या गडबडीत बाईला म्हण आठवत नाही.

आनंदराजला लोह्याला, खात्याच्या कचेरीत, बोलावणं सुरू झालं. जबाब घ्यायचाय म्हणायचे, बाहेर बाकड्यावर बसवायचे, सांजच्याला उद्या या म्हणायचे. इकडं तूर वाळली, तडकली, शेंगा फुटून दाणे मातीत. मग शेषेरावाची जनावरं आत शिरली. सुमनबाई खालून बघत होती. ती वर जायला निघाली तर गावच्याच लोकांनी अडवलं. बंदी हाय, बाई, तुमच्याच जिवासाठी. जनावरं वळणाऱ्या गड्याला बंदी नव्हती. त्याला बहुतेक जीव नव्हता.

फाटक्या कानाचा नर जिंकला. दुसरा कुठं गेला, मेला की हाकलला गेला, कळलं नाही. मादी महिनाभर ओरडत फिरली आणि मग त्या नव्या नराच्या मागं चालताना दिसली. भुजंगनंच सांगितलं. सांगून म्हणाला, "काय करील बिचारी, जागा तर तीच हाय."

तपासात काही निघालं नाही. निघणार काय होतं? आनंदराजला सोडलं, म्हणजे बोलवायचं बंद केलं. कुणी म्हणालं नाही की पोरगा निर्दोष आहे. बंदी उठली तेही कुणी सांगितलं नाही. सुमनबाईला ते ट्रॅक्टरच्या आवाजावरून कळलं.

ती पोराला घेऊन धावत वर गेली. शेषेरावाचा ट्रॅक्टर तिच्या रानात फिरत होता. खोपी मोडून लाकडं बांधाला टाकलेली. झेंड्याची काठी त्याच ढिगात.

"पाटील! हे काय करून राहिले तुमी?"

शेषेराव ट्रॅक्टरला टेकून उभा होता. घाई नव्हती त्याला. "काय म्हंजे? नांगरतो."

"रान माजं हाय. वहिवाट माजी हाय."

"व्हती," शेषेराव म्हणाला. "तू चूल मोडलीस, सुमनबाई. आपल्या हातानं मोडलीस. चावडीपुढून दगडं नेली डोक्यावर. सारं गाव बघत व्हतं. विचार कुणालाबी. ह्या मुलखात चूल मोडली म्हंजे काय ते तुला सांगाय पायजे का?"

 चूल मोडली. संसार उठला की म्हणतात तसं. जागा सोडली की म्हणतात तसं. अख्ख्या गावाच्या डोळ्यांपुढं, दिवसाढवळ्या. दुष्मनाला साक्षीदार शोधायला लागू नयेत म्हणून जणू तिनंच मिरवत नेली होती.

"साहेबानं सांगितलं व्हतं!" आनंदराज ओरडला.

"मंग साहेबाला इचार."

पोरानं दगड उचलला. आईनं त्याचा हात धरला. "नगं. तेच पायजे हाय त्याला. मारलास की मंग तपास खराच लागंल."

त्या दिवसापासून ती रानाकडं फिरकली नाही. मजुरीला जायची, यायची. घराच्या ओट्यावर ते तीन दगड मांडलेले होते, त्यांच्यावर ती चूल पेटवत नव्हती. आनंदराज म्हणायचा, माय, तहसीलात जाऊ, वकील बघू. ती म्हणायची, "जाऊ." आणि उठायची नाही.

चैत्रात, उन्हं तापायला लागली तेव्हा, भुजंग पळत आला. दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला, "काकू, लंगडा आला."

"कुठं?"

"लिंबाखाली. पर मेला."

सगळं गाव वर निघालं होतं. सुमनबाई उठली, ओट्यावरचे दगड गोणत्यात घातले आणि डोक्यावर घेतले. पोरगा म्हणाला, "माय, हे कामून?" ती चालायला लागली होती.

लंगडा लिंबाच्या बुडाशी पडला होता. लांब त्या नदीकाठावरून चालत आला होता, रस्ते ओलांडून, गावं ओलांडून, त्या वाकड्या पंज्यावर. तळवे फुटलेले. बरगड्या मोजता याव्यात असा. गळा फाडलेला होता. त्याच्या जागेवर बसलेल्या फाटक्या कानवाल्यानं त्याला बांधापर्यंत येऊ दिलं होतं, पुढं नाही. पण खोडावर, सगळ्या ओरखड्यांच्या वर, नवे ओरखडे होते. त्यातला एक वाकडा. मरायच्या आधी म्हाताऱ्यानं आपली खूण करून घेतली होती.

साहेबांनी त्याच्या मानेवरून यंत्र फिरवलं. ते वाजलं. सोडताना त्याच्या कातडीखाली जी नंबराची चिप घातली होती, तिचाच नंबर. लंगडाच तो. साहेब बराच वेळ त्याच्यापाशी बसले. खरंच वाईट वाटलं असेल त्यांना. मग गावातल्या कुणीतरी मोबाईल पुढं धरला तेव्हा ते उठून म्हणाले, "बिबट्या आपली हद्द विसरत नाही. कितीही लांब सोडा, तो परत येतो. ही जागा त्याचीच होती."

"साहेब," मागून आवाज आला, "पुन्हा म्हना."

लोक बाजूला झाले. डोक्यावर गोणतं घेऊन सुमनबाई पुढं आली.

"काय बाई?"

"आत्ता म्हनलात ते. ही जागा त्याचीच व्हती. पुन्हा म्हना."

"होतीच त्याची."

"त्याच्या नावाचा सातबारा व्हता का?"

दोघं-चौघं हसले. साहेबही हसल्यासारखे झाले. "जनावराचा सातबारा कसा असेल?"

"मंग कशावरनं त्याची?"

"तो इथं राहत होता. रोज फिरत होता. हे बघा, झाडावर खुणा आहेत त्याच्या."

"खुना," सुमनबाई म्हणाली. तिनं गोणतं उतरवलं. शेषेरावाच्या नांगरटीत जाऊन एक दगड ठेवला. त्याच्या शेजारी दुसरा. समोर तिसरा. काळे, डाळीनं, तेलानं, धुरानं काळे झालेले. "ह्या माज्या. आन् ते ढीग दिसत्यात, ते माज्या सासऱ्याच्या हाताचे. एवढं मोठं मुतलंय का कुनी हद्दीवर?"

आता कुणी हसलं नाही. शेषेराव पुढं सरकला. "साहेब, येडी झालीय ती. चला तुमी, मेलेलं उचला."

"पाटील, तुमी गप ऱ्हावा. तुमाला मी काय इचारलं न्हाई. फाटक्या कानाला कुनी काय इचारतं का? जागा खाली दिसली, आला. त्याचा धंदाच त्यो." ती चुलीपाशी मातीत बसली. डोळे साहेबांवरून हलले नाहीत. "मी खाली करनाऱ्याला इचारते. साहेब, लंगड्याला तुमी उचललं, मला तुमी उठवलं. राख ठिवू नका म्हनलात, राख न्हाई ठिवली. तुमचं ऐकून मी माजा वास पुसला. त्यो मेल्यावर तुमी म्हनता, जागा त्याची व्हती. माज्या बाबतीत त्ये म्हनायला मी मरायची वाट बघून राहिलाव का?"

साहेबांनी मोबाईलकडं बघितलं, मग शेषेरावाकडं, मग घड्याळाकडं.

"हे पाहा बाई, तो विषय आमच्या खात्याचा नाही—"

"खातं न्हाई इचारलं. पिल्लं मेली तवा हळू बोललात, माज्या पोराच्या कानात. आज मोठ्यानं बोला. समद्या गावाम्होरं. लई न्हाई, एकच नाव घ्या." तिनं वाळक्या तुऱ्हाट्यांची मूठ मोडली आणि तीन दगडांच्या मधे घातली. "मला घाई न्हाई. ही बसले मी हितं. बोला साहेब, ही जागा कुनाची?"